मोती पायरीवरच का बसला?

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण दीपगृहाच्या गोल भिंतींची गोष्ट वाचली. त्यानंतर टपालात आलेल्या पत्रांत सातारा जिल्ह्यातल्या एका सातवीतल्या मुलीचं पत्र होतं. ती लिहिते, "काका, आमच्या मोतीला रेबीजची लस टोचायला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरापासून तो उड्या मारत आला. पण दवाखान्याच्या पायरीवर आल्याबरोबर फतकल मारून बसला. ओढलं तरी उठेना. शेवटी आत नेला, तर गुळगुळीत फरशीवर त्याचे चारी पाय चार दिशांना! बाबा म्हणाले, भित्रा आहे. आई म्हणाली, हट्टी आहे. तुम्ही इमारतींबद्दल लिहिता म्हणून विचारते, दोष दवाखान्याचा तर नसेल?"

वा! असा प्रश्न पडणाऱ्या मुलीचं कौतुक करायला हवं. कारण हाच प्रश्न जगभरातले वास्तुशिल्पीही स्वतःला विचारतात. शाळा बांधताना शिक्षकांना विचारता येतं, घर बांधताना घरच्यांना विचारता येतं. पण जनावरांचं रुग्णालय बांधताना विचारायचं कोणाला? घोडा काही सांगत नाही, 'साहेब, ही भिंत जरा मऊ करा.' म्हैस म्हणत नाही, 'या दारातून मला भीती वाटते.' ती फक्त अडून बसते. आणि आपण म्हणतो, हट्टी आहे!

आज आपण अशाच इमारतींमध्ये फेरफटका मारू. तोही साध्या दवाखान्यात नव्हे, तर विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात. तिथे जनावरं बरी होतात आणि त्याच वेळी उद्याचे पशुवैद्य शिकतात.

इलाज आणि शाळा एका छपराखाली

मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालय आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याला लागूनच सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही सुरू झाली १९२६ मध्ये. पण त्याच परळमध्ये त्याच्या ४० वर्षं आधी, १८८६ मध्ये, दुसरं एक महाविद्यालय सुरू झालं होतं, ते पशुवैद्यांचं! आणि ते भरलं कुठे? बाई साकरबाई दिनशा पेटिट या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात. पुस्तकात घोड्याचं पोट कुठे आहे ते कळतं, पण दुखणाऱ्या पोटाला हात लावला की घोडा लाथ कशी झाडतो, ते घोड्याजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून विद्यार्थी आणि रुग्ण शेजारी शेजारी हवेत. आज हे महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

जगातली अशी पहिली शाळा फ्रान्समधल्या लिऑन शहरात १७६२ मध्ये सुरू झाली. ती काढणारे क्लोद बूर्जेला हे घोडेस्वारी शिकवण्याच्या शाळेचे प्रमुख होते. त्या काळी गुरांच्या साथींनी युरोपातले शेतकरी हवालदिल झाले होते, आणि सैन्याचं तर सगळं घोड्यांवर अवलंबून. म्हणून राजे लोक अशा शाळांना पैसा देऊ लागले.

त्यातूनच जर्मनीतल्या बर्लिनमध्ये एक अजब इमारत उभी राहिली. तिचं नाव 'प्राण्यांचं शरीररचना नाट्यगृह'. हसू नका! खरंच नाट्यगृहासारखी गोल इमारत, वर घुमट, आत पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारी गोल आसनं. १७९० मध्ये ती पूर्ण झाली. तिचे वास्तुशिल्पी होते कार्ल गॉटहार्ड लांगहान्स. बर्लिनचं प्रसिद्ध ब्रांडेनबुर्ग तोरण बांधलं तेच हे गृहस्थ.

आता लांगहान्ससाहेबांपुढची अडचण पाहा. मेलेल्या घोड्याची चिरफाड करून प्राध्यापक मुलांना शिकवणार. पण एवढा जड घोडा पायऱ्यापायऱ्यांच्या सभागृहाच्या मध्यभागी आणायचा कसा? त्यांनी तळमजल्यावर तयारीची खोली केली आणि वरच्या सभागृहाच्या जमिनीतच एक उचलयंत्र बसवलं. खाली तयार केलेलं धूड मधल्या जागेतून सरळ वर यायचं, मुलांच्या डोळ्यांसमोर. शेवटच्या ओळीतल्या मुलालाही सगळं स्वच्छ दिसायचं. २०० वर्षं उलटून गेली, तरी ही इमारत उभी आहे. ती आता बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाकडे असून तिथे प्रदर्शनं भरतात.

हे उचलयंत्र लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे. मात्र बर्लिनच्या त्या सभागृहात येणारा प्राणी मेलेला असे. त्याला ना भीती, ना वेदना. सगळी सोय बघणाऱ्यांची. जिवंत, घाबरलेला, दुखणं घेऊन आलेला प्राणी आत आणायचा म्हटलं की इमारत त्याच्या बाजूने विचार करू लागते.

खोडा बाहेर का?

ही गोष्ट आपल्याकडच्या गावांनाही माहीत आहे बरं का! खेड्यातल्या गुरांच्या दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा एक सांगाडा तुम्ही पाहिला असेल. त्याला खोडा म्हणतात. बैल त्यात उभा करून पुढचा-मागचा पाइप अडकवला की तो हलत नाही. डॉक्टर तपासतात, सुई टोचतात, आणि कोणालाच इजा होत नाही. आपल्या दवाखान्यात रोगी डॉक्टरांच्या खोलीत जातो. इथे डॉक्टरच खोलीतून उठून रोग्याकडे येतात. खोडा झाडाखाली असेल तर बैल अधिक शांत राहतो, कारण मोकळी हवा आणि मातीची जमीन त्याच्या ओळखीची असते.

विद्यापीठाचं रुग्णालय खूप मोठं, पण पहिला नियम तोच. लहान प्राण्यांचं दार वेगळं, मोठ्या जनावरांचं वेगळं. मोठ्यांच्या दारापाशी ट्रक मागे घेऊन लावता येईल असा धक्का हवा, म्हणजे ट्रकची फळी आणि जमीन एका पातळीवर येते. पाय मोडलेली गाय काही ट्रकमधून उडी मारू शकत नाही.

लहान प्राण्यांतही आणखी वाटण्या आहेत. मांजर स्वतः शिकारी आहे, पण मोठ्या कुत्र्यापुढे तीच शिकार! तिची टोपली जमिनीवर ठेवली की समोर दिसतात ती कुत्र्यांची नाकं. म्हणून मांजरांना बसायला वेगळी जागा करतात, आणि टोपली ठेवायला कमरेच्या उंचीवर फळी लावतात. उंचावर बसलं की मांजरीला धीर येतो. आपल्या घरातली मनी कपाटावर का चढते, कळलं ना?

मग आवाज. माणसाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, आणि मांजराला तर ६०,००० च्याही वर. एखाद्या यंत्राची बारीक शीळ आपल्याला ऐकूही येत नाही, पण त्यांना ती छळत असते. शिवाय उघड्या भिंतींच्या खोलीत एक कुत्रा भुंकला की आवाज घुमतो, दुसरा भुंकतो, तिसरा साथ देतो. म्हणून छताला आवाज शोषून घेणारे तक्ते लावतात आणि कुत्र्यांचे पिंजरे समोरासमोर न ठेवता एकमेकांना दिसणार नाहीत असे ठेवतात.

गाईच्या डोळ्यांनी पाहणारी बाई

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठात टेंपल ग्रँडिन नावाच्या प्राध्यापक आहेत. त्यांचा जन्म १९४७ चा. लहानपणी त्यांना बरीच वर्षं बोलता येत नव्हतं. त्यांना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. त्या सांगतात की त्या शब्दांत नव्हे, चित्रांत विचार करतात. तरुणपणी त्यांनी एक सोपी गोष्ट केली, जी आधी फारशी कोणी केली नव्हती. गुरं जिथे अडतात, त्या बोळात त्या स्वतः शिरल्या. गाईच्या उंचीला वाकून पाहिलं, छायाचित्रं काढली.

काय दिसलं? कुंपणावर टाकलेला कोट. वाऱ्याने हलणारी एक साखळी. डबक्यात चमकणारं पाणी. जमिनीवर पडलेली सावलीची पट्टी. माणसाला यातलं काही खटकत नाही. पण गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला जवळजवळ सभोवार, ३०० अंशांहून जास्त दिसतं, मात्र खोली चटकन कळत नाही. सावलीची काळी पट्टी तिला खड्डा वाटू शकते. गटारावरची जाळीही तशीच! मग ती थांबते, आणि मागून काठी बसते.

ग्रँडिनबाईंनी सांगितलं, काठी ठेवा आणि बोळ बदला. सरळ बोळाऐवजी वळणाचा करा. म्हणजे पुढची माणसं आणि यंत्रं दिसत नाहीत, आणि आल्या वाटेने परत फिरतोय असं गुरांना वाटतं. बाजूच्या भिंती भरीव करा, उजेड सारखा पडू द्या, गटार चालण्याच्या वाटेबाहेर न्या. गुरं आपसूक चालू लागली. आज गुरांसाठी इमारती आखणारे लोक त्यांचे हे धडे गिरवतात.

५०० किलोंचा रोगी शुद्धीवर येतो तेव्हा

आता सगळ्यात अवघड रोग्याकडे जाऊ. घोडा! वजन साडेचारशे-पाचशे किलो. म्हणजे तुमच्या वर्गातली पंधरा मुलं एकत्र केली तर होईल एवढं. त्याला भूल द्यायची म्हणजे एवढं धूड चार बारीक पायांवरून जमिनीवर येणार. धाडकन पडलं तर?

म्हणून भूल देण्याच्या खोलीच्या भिंती आणि जमीन जाड गादीसारखी केलेली असते. घोड्याला भिंतीशी उभं करून मोठ्या फाटकाने हलकेच टेकवून धरतात. भूल चढली की तो भिंतीला घासत अलगद खाली बसतो. मग छताकडे पाहा. तिथे पोलादी तुळई आणि तिच्यावर रूळ आहे. रुळावरच्या उचलयंत्राने घोड्याला पाय बांधून उचलतात आणि दारावरून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन ठेवतात. आठवलं का बर्लिनचं उचलयंत्र? तिथे ते जमिनीतून वर येत होतं, इथे छतावरून चालतं. मात्र या तुळईचा विचार इमारत आखतानाच करावा लागतो. छत झाल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

पण खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर असते. माणूस शुद्धीवर येतो तेव्हा परिचारिका सांगतात, 'पडून राहा हं.' घोड्याला कोण सांगणार? त्याच्या रक्तातच आहे, की पडलेला घोडा म्हणजे लांडग्याची शिकार. अर्धवट शुद्ध येताच तो उठायला धडपडतो, तोल जातो, पुन्हा उठतो. डॉक्टरांनी तासन्‌तास खपून जोडलेलं हाड एका क्षणात पुन्हा मोडू शकतं.

यावर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एक उपाय इमारतीतच बांधला. या विद्यापीठाची पशुवैद्यकीय शाळा १८८४ ची, आपल्या परळच्या महाविद्यालयाहून दोनच वर्षांनी मोठी. तिचं कुत्र्यामांजरांचं रुग्णालय फिलाडेल्फिया शहरात आहे, आणि घोड्यागाईंचं शहराबाहेर कुरणांच्या मुलखात. त्या जागेला न्यू बोल्टन सेंटर म्हणतात. तिथे शस्त्रक्रियेच्या खोलीजवळ चक्क एक तलाव आहे, कोमट पाण्याचा!

शस्त्रक्रिया झाली की झोपलेला घोडा छताच्या रुळावरून तलावाकडे येतो. पाण्यावर रबराचा एक तराफा तरंगत असतो. त्याला चार पाय घालायला चार लांब पिशव्या असतात, पायजम्याच्या पायांसारख्या. घोड्याला त्यात उतरवतात. डोकं वर, अंग तराफ्यावर, पाय पिशव्यांत कोरडे. आता शुद्धीवर येताना त्याने कितीही पाय झाडले, तरी ते पाण्यालाच लागणार! थोड्या वेळाने पूर्ण जाग येते, धडपड थांबते. मग त्याला पुन्हा उचलून गाद्यांच्या खोलीत नेतात आणि खुरं जमिनीला टेकेपर्यंत सावकाश खाली सोडतात. घोडा उभा!

२००६ मध्ये या तलावाकडे साऱ्या अमेरिकेचं लक्ष लागलं होतं. बार्बारो नावाचा घोडा मे महिन्याच्या सुरुवातीला केंटकी डर्बी ही मोठी शर्यत जिंकला होता. २० मे रोजी पुढच्या मोठ्या शर्यतीत सुरुवातीलाच त्याचा मागचा उजवा पाय मोडला. हाडाचे कितीतरी तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी पाच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि २७ स्क्रूंनी तो पाय जोडला. मग बार्बारो तलावात उतरला, शांतपणे जागा झाला, आणि स्वतःच्या पायांवर गोठ्यात चालत गेला. लोक त्याला फुलं, गाजरं आणि पत्रं पाठवू लागले.

पुढे काय झालं, तेही सांगायलाच हवं. मोडका पाय सांभाळताना बार्बारोचा भार दुसऱ्या पायावर पडला आणि त्या पायाच्या खुराच्या आतला भाग सुजून खुराची पकड सुटू लागली. घोड्यांचा हा फार वाईट आजार. आठ महिने सगळे झटले. शेवटी त्याच्या वेदना थांबवता येईनात, तेव्हा २९ जानेवारी २००७ ला डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. इमारत जीव वाचवण्याची संधी देते, खात्री देत नाही. पण शस्त्रक्रियेनंतरच्या त्या पहिल्या तासात बार्बारोने आपला पाय पुन्हा मोडून घेतला नाही, ते त्या तलावामुळे.

न दिसणारा पाहुणा

चांगल्या रुग्णालयालाही धडे मिळतात. याच न्यू बोल्टन सेंटरचं मोठ्या जनावरांचं रुग्णालय २००४ च्या मे महिन्यात बंद करावं लागलं. कारण साल्मोनेला नावाचा जंतू. तो शेणातून, लिदीतून पसरतो, अनेक औषधांना दाद देत नव्हता, आणि माणसांनाही होऊ शकतो. जनावरं हलवली, गोठे धुतले, जंतुनाशकांनी पुन्हा पुन्हा साफ केले, आणि मगच दारं उघडली.

विचार करा, शिकवणाऱ्या रुग्णालयात हा धोका जास्त का? कारण सगळ्यात आजारी जनावरं तिथेच येतात. आणि शिकणारी मुलं या गोठ्यातून त्या गोठ्यात जातात. त्यांच्या बुटांबरोबर जंतूही! ज्या सोयीसाठी शाळा आणि रुग्णालय एकत्र आणलं, तीच सोय जंतूंनाही झाली.

म्हणून अशा इमारतीत वाटा फार विचाराने आखतात. स्वच्छ कामाची वाट वेगळी, घाणीची वेगळी. संसर्गाची शंका असलेलं जनावर मुख्य दारातून येतच नाही, त्याचं दार बाहेरच्या बाजूने, हवाही वेगळी. दारात बूट बुडवायला जंतुनाशकाचं पाणी. भिंत आणि जमीन जिथे मिळते तो कोपरा गोलसर करतात, म्हणजे घाण अडकायला सांदच उरत नाही. फरशी खरखरीत हवी, नाहीतर जनावर घसरेल. पण फार खरखरीत नको, नाहीतर ती धुतली जाणार नाही. ही मधली फरशी शोधण्यात वास्तुशिल्पी किती डोकं खाजवतात म्हणून सांगू! पोटशूळाचे घोडे आणि संसर्गाची जनावरं यांच्यासाठी न्यू बोल्टनला २०१० मध्ये नवी स्वतंत्र इमारतच उभी राहिली.

आणि मुलांनी शिकायचं कसं? काचेच्या मोठ्या खिडकीतून, शस्त्रक्रियेच्या टेबलावर लावलेल्या कॅमेऱ्यातून. बर्लिनच्या सभागृहातल्या शेवटच्या ओळीसारखं सगळं स्वच्छ दिसतं, पण बूट मात्र बाहेर राहतात.

तर मग मोतीचं काय?

आपल्या सातारच्या मैत्रिणीला माझं उत्तर असं आहे. मोती भित्राही नाही आणि हट्टीही नाही. त्याला पायरीवरच औषधांचा आणि घाबरलेल्या कुत्र्यांचा वास आला, आतला गलका आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू आला, आणि गुळगुळीत फरशीवर नखं रुतेनात. त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. आपल्याला ती वाचता आली नाही, एवढंच.

दवाखाना काही आपण पुन्हा बांधू शकत नाही. पण पुढच्या वेळी एवढं करून पाहा. सुई नसेल अशा एखाद्या दिवशी त्याला नुसतंच तिथे फिरवून आणा, खाऊ द्या, परत या. नंबर येईपर्यंत आत न बसता बाहेर झाडाखाली थांबा. आणि घरून एक जुनं पोतं न्या. फरशीवर ते अंथरलं की झाली मोतीपुरती नवी फरशी! डॉक्टरांना आधी विचारा मात्र.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचा उद्योग : घरातल्या मोठ्या माणसांना सांगून आपल्या घरात किंवा गोठ्यात पाच मिनिटं कुत्र्याच्या नाहीतर वासराच्या उंचीने फिरा. वाकून, रांगत, कसंही. काय चमकतं, काय लोंबतं, कुठे सावली पडते, कुठे पाय घसरतो, याची यादी करा. मग कागदावर एका छोट्या दवाखान्याचा नकाशा काढा. दोन खोल्या, एक खोडा, एक झाड. दार कुठे, मांजरांची फळी कुठे, हात धुवायची जागा कुठे, ते दाखवा आणि का, ते एका वाक्यात लिहा. आईबाबांनीही काढला तरी चालेल!

नकाशे पाठवा. मी वाट पाहतो. आणि हो, मोतीने पुढच्या वेळी पायरी ओलांडली की नाही, तेही कळवायला विसरू नका.

— तुमचा काका